साहेबांसाठी निवडलेले दाणे

संशय ही आमच्या घराण्याची मिळकत आहे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर बंगळुरात आले आणि इथलेच झाले असं घरात सगळे सांगायचे. अप्पांचा त्यावरही पुरता विश्वास नव्हता. "कोण बघायला गेलंय?" म्हणायचे. दुधाचा थेंब नखावर धरून बघितल्याशिवाय दूधवाल्याला उंबऱ्यावरून हलू द्यायचे नाहीत. कुणी जरा जास्त गोड बोललं, की तो माणूस गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणायचे, "स्वल्प सांभाळून हं. याला काहीतरी हवंय."

मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. अप्पा मात्र खुशीत होते. "हे शास्त्र आपल्या घरचंच," ते म्हणाले. "कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि वर त्याचा पगार मिळतो!" एम.एस्सी. झाल्यावर मला मल्लेश्वरमच्या पलीकडे एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. साठ साल उलटून गेलं होतं. संस्थेत बायका म्हणजे मी, एक टायपिस्ट, आणि खालच्या शेडमध्ये दाणे निवडणाऱ्या.

दाणे म्हणजे शेंगदाणे. आमच्या विभागात मुलांसाठी एक पौष्टिक पीठ तयार व्हायचं. होसकोट्याकडून गाडीनं दाण्यांची पोती यायची, बायका ते निवडायच्या, यंत्रात तेल काढून उरलेली पेंड भाजून दळायची आणि त्यात हरभऱ्याचं पीठ न् दुधाची भुकटी मिसळायची. डबे सीलबंद करून अनाथ मुलांच्या वसतिगृहांना पाठवायचे. तिथं त्याची सकाळची पेज व्हायची. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पेंड? अगं, पेंड गुरांना घालतात. साहेबलोकांनी पोरांना घातली की ती पौष्टिक होय?" मी त्यांना प्रथिनांवर एक व्याख्यान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सरी, सरी, बरं बाई. पण तुमचे साहेब आपल्या पोरांना घालतात का, ते बघ."

त्या साहेबांबद्दल सांगते. त्यांना आम्ही सर म्हणायचो. खादी घालायचे, सायकलवर यायचे, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहायचे. घरच्या पत्राला लागणारं तिकीट संस्थेच्या डब्यातलं कधी घेतलं नाही. कुणावर आवाज चढवला नाही. मला ते "नोडम्मा" म्हणायचे, म्हणजे "बघ गं बाई", आणि मग काहीही सांगायचे ते इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागायचं. शेडमधल्या बायकांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की या प्रत्येक दाण्यात कुठल्या तरी पोराचा घास आहे, एकही वाया जाता कामा नये. सांडलेला दाणा स्वतः वाकून उचलायचे. इतका चांगला माणूस बघितला की माझ्या अंगावर काटाच येतो. मनात म्हणायचे, कुठंतरी पाणी मुरतंय.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण. नवरा अकाली गेला, आणि अप्पांच्या घरी येऊन भिंतीला टेकून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. बसवनगुडीच्या बाजूला एका वसतिगृहात तिनं देखरेखीचं काम धरलं आणि लहान मुलीला घेऊन तिथल्याच एका खोलीत राहायला लागली. आमचं पीठ त्या वसतिगृहात जायचं. सकाळी मुलं ओळीनं बसायची आणि ओळीत पहिली माझी भाची. अक्काचा तसा दंडकच होता: जे सगळ्यांच्या ताटात पडणार, ते आधी माझ्या पोरीच्या ताटात. नवीन आलेली मुलं बावरलेली असायची, कशाला हात लावायची नाहीत. ती भाचीच्या तोंडाकडे बघायची. हिनं गिळलं की मग तीही खायची.

एका रविवारी मी तिकडे गेले होते. भाचीनं पहिला घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकून टाकला. "कडू," म्हणाली. अक्कानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "कडू म्हणे! मावशीनं केलेलं आहे ते. थुंकलीस तर बघ परत." पोरीनं माझ्याकडे इतक्या रागानं पाहिलं की मला हसू आलं. पण नंतर अक्का भांडी विसळताना म्हणाली, "खरं सांगू का? मलाही मधूनमधून कडवट लागतं गं ते. एखाद्या डब्याचं लागतं, एखाद्याचं नाही."

हसू तिथंच थांबलं. कारण त्याच सुमारास परदेशातून बातम्या येत होत्या, की शेंगदाण्याच्या पेंडीवर पाळलेली पाखरं पटापट मेली. दाण्याला एक बुरशी लागते, तिच्यापासून विष तयार होतं आणि ते यकृतावर जातं. ते भाजून जात नाही, दळून जात नाही. बुरशी लागलेला दाणा काळपट, सुरकुतलेला असतो, आणि खवट-कडू लागतो. सरांनी लगेच त्याची तपासणी सुरू केली होती आणि ते काम माझ्याकडे दिलं होतं. दाण्यांचा नमुना क्लोरोफॉर्ममध्ये भिजवायचा, गाळून आटवायचा, काचपट्टीवर थेंब टाकायचा आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरायचा. विष असेल तर निळा उजेड दिसतो. आमच्या नमुन्यात तो कधीच दिसला नाही. एकदाही नाही. पोतं कुठलंही असो, पावसाळा असो, उन्हाळा असो, आमची पट्टी काळी ठिक्कर.

माझ्या मनात तेव्हाच आलं होतं, इतकं स्वच्छ कुणाचंच घर नसतं. पोतं म्हटलं की चार दाणे किडके निघणारच. मग आमच्याच पोत्यांवर देवाची कृपा कशी?

अक्काच्या डब्यातलं मूठभर पीठ मी पुडीत बांधून आणलं. सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर पट्टी केली आणि दिव्याखाली धरली. निळी! चांगली लख्ख निळी. तशीच उठले, बस पकडली आणि अक्काकडे गेले. म्हटलं, "हे पीठ बंद कर. आत्ताच्या आत्ता."

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि पोरांना काय घालू? कोठीत दुसरं काय आहे, ये, दाखवते. आमची कमिटी म्हणते संस्थेनं दिलंय, मोठ्या लोकांनी तपासलंय. मी माझ्या बहिणीला शंका आली म्हणून डबे परत पाठवले तर उद्या मला पोरीसकट रस्त्यावर काढतील. तुझ्या साहेबांना म्हणावं, बंद करा असं सांगा. त्यांनी सांगितलं की त्या क्षणी बंद."

"निदान हिला तरी देऊ नकोस," मी भाचीकडे बघून म्हटलं.

अक्काचा चेहरा असा झाला, की कुठून बोलले असं मला झालं. "हिला नाही आणि बाकीच्यांना हो?" ती म्हणाली. "ती पोरं हिच्या तोंडाकडे बघून खातात. जा तू आता. साहेबांना विचार जा."

मी सरांना विचारलं. म्हणजे विचारण्याच्या आवाजात सांगितलं. त्यांनी पट्टी पाहिली, चष्मा काढला, परत लावला. मग तेच हळू बोलणं: "नोडम्मा, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओल असते. उघडा डबा. बुरशी तिथं लागली असेल. आपले दाणे स्वच्छ आहेत, तूच तर तपासतेस."

उत्तर अगदी चपखल होतं, म्हणूनच मला ते पटलं नाही. माझ्याकडे तपासायला येणारे दाणे आधी त्यांच्या टेबलावर यायचे, स्वच्छ फडक्यात बांधून. फडकं कोण बांधतं, मधे काय होतं, मी कधी बघितलं होतं? त्यांच्या कपाटाला कुलूप असायचं. दिल्लीहून पाहुणे यायचे होते, पिठाची योजना सगळ्या राज्यात जायची बोलणी चालली होती. मी त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायला लागले. ते कपाट उघडताना मी उगाच पाणी प्यायला उठायचे. ते माझ्याकडे बघून हसले तर वाटायचं, याला कळलंय. नाही हसले तर वाटायचं, नक्कीच कळलंय.

गोदामातला एक सीलबंद डबा मी गोदामवाल्याच्या देखत फोडून घेतला. तोंडावर आलेले पाहुणे, त्यामुळे नमुना हवा म्हटल्यावर त्यानं कारण विचारलं नाही. त्या डब्याला वसतिगृहाची ओल लागलेली नव्हती. पट्टी निळी! म्हणजे पीठ इथूनच खराब जात होतं, आणि दाणे मात्र स्वच्छ दाखवले जात होते. मधे कुणीतरी हात मारत होतं. कोण, ते माझ्या लेखी ठरलेलंच होतं. फक्त रंगेहाथ पकडायचं बाकी होतं.

त्याच दुपारी मी शेडमध्ये जाऊन बसले. बायकांना वाटलं, मला बरं नाहीये. एकीनं सुपारी पुढे केली. सगळ्यांत वयस्कर होती तिला सगळ्या अज्जी म्हणायच्या. ती सूप घेऊन दाणे पाखडत होती. खडे बाजूला, टरफलं बाजूला. काळपट, सुरकुतलेला दाणा दिसला की तिचा हात थबकायचा, मग तो दाणाही चांगल्यांतच जायचा.

"तो का टाकत नाही?" मी विचारलं.

"साहेब रागावत नाहीत," अज्जी म्हणाली, "पण वाईट वाटतं त्यांना. पहिल्या-पहिल्यांदा मी टाकायची. एकदा ते स्वतः खाली बसले आणि फेकलेले सगळे वेचून सुपात घातले. म्हणाले, पोराचा घास आहे अज्जी. मग कसं टाकायचं?"

तेवढ्यात शिपाई आला. दारातूनच ओरडला, "साहेबांना नमुना पाहिजे!"

मी सावरून बसले. आता बघते, म्हटलं, कोण काय करतो. अज्जीनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि समोरच्या ढिगात बोटं घातली. एकेक दाणा उचलायची, उजेडाकडे धरायची. टपोरा, गुलाबी, गुळगुळीत असेल तो फडक्यावर. जरा डाग दिसला की परत ढिगात. बाकीच्या बायकांनीही आपापल्या सुपातले चांगले-चांगले आणून तिच्यापुढे ठेवले. मग तिनं फडक्याची छान गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ते शिपायाच्या हातात दिलं.

मी विचारलं, "अज्जी, हे असे निवडून का?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग ती हसली, बाकीच्याही हसल्या. "दोड्डवरिगे केट्टद्दु कोडोदा?" ती म्हणाली. मोठ्या माणसाला काय खराब द्यायचं?

बास. एवढंच होतं. कुलूप नाही, कपाट नाही, लबाडी नाही. नमुना कसा घ्यायचा, पोत्याच्या वरचा, मधला, तळचा मूठमूठ मिसळून, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो आणि शेडमध्ये येऊन ते सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. देवापुढे ठेवायचं फळ जसं निवडतात तसे साहेबांचे दाणे निवडले जात होते आणि उरलेला काळा माल घास वाया जाऊ नये म्हणून पोरांच्या पेजेत जात होता. एक चांगला गुण वरून आणि एक चांगला गुण खालून, आणि मधे माझी भाची. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या वस्तूंची तपासणी व्हायची, फक्त चांगुलपणाची झाली नव्हती. मला चोर सापडला असता तर बरं वाटलं असतं, खरंच सांगते. चोराशी भांडता येतं.

सरांना मी सगळं सांगितलं, अक्काचं आणि भाचीचंसुद्धा. ते उठून शेडमध्ये गेले, पोत्यांतून स्वतः मुठी काढल्या, स्वतः पट्ट्या केल्या. अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला त्यांची दया आली, आणि लगेच वाटलं, आता हा माणूस काय करतो ते बघ.

"नमुन्याची पद्धत उद्यापासून बदलू," ते म्हणाले. "काळे दाणे टाकायचे. मी स्वतः सांगेन अज्जीला."

"आणि जे डबे गेलेत ते?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "नोडम्मा, पाखरं मेलीत. मुलांना काय होतं हे अजून जगात कुणालाच ठाऊक नाही. या पिठानं त्यांची वजनं मात्र वाढलीत, ते मी दाखवू शकतो. आज परत मागवलं तर योजनाच बुडेल, आणि ती मुलं नुसत्या पातळ कांजीवर येतील. आपण शास्त्राची माणसं. पुरावा पुरा होऊ दे. स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे, ते डबे संपतीलच."

संपतील म्हणजे पोरांच्या पोटात संपतील! मी पाठ फिरवून पट्ट्या पुसायला घेतल्या, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथंच गेली असती. ते त्यांना बोचलं असावं. ते आणखी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या भाचीला हवं तर देऊ नकोस म्हणावं."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. अक्कापाशी मीच काय बोलले होते ते मला आठवत होतं, म्हणून तर जास्तच. "सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला, "माझी भाची पंगतीत पहिली बसते. तिच्या तोंडाकडे बघून बाकीची पोरं खातात. हे तुमचं वाक्य मी नाही सांगणार माझ्या बहिणीला. तुम्ही या आणि तुम्हीच सांगा. उद्या सकाळी. सगळ्या पोरांसमोर सांगा, की ही एक सोडून बाकीच्यांनी खा!"

टायपिस्टचं यंत्र थांबलं होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. अप्पांचीही तीच होती. "मोठी माणसं कागद पाठवतात, स्वतः येत नाहीत," ते म्हणाले. पण सकाळी वसतिगृहाच्या कोपऱ्यावर सर सायकल हातात धरून उभे होते, दाढी न केलेले. हँडलला एक फुगलेली पिशवी अडकवलेली. मी त्या पिशवीकडेच बघत होते. यात काय असेल? कमिटीसाठी पत्र? अक्काला गप्प बसवायला काही? फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, हा माणूस आता परत फिरेल.

आत पंगत बसली होती. पेज वाढून झाली होती. पहिल्या ताटावर भाची. सर आलेले बघून अक्का गडबडली, हातातली पळी तशीच धरून पुढे आली. पोरं उठून उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणे एका सुरात ओरडली, "नमस्कार, सार!" भाची तेवढी उठली नाही, कारण तिनं नुकताच पहिला घास तोंडात घातला होता.

सरांनी पिशवी खाली ठेवली. ती कलंडली आणि त्यातून चुरमुरे सांडले. ते त्यांनी उचलले नाहीत. त्यांनी हात जोडले, पोरांना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला. "तिन्नबेडि, मक्कळे. तिन्नबेडि." खाऊ नका, मुलांनो. खाऊ नका.

पोरं काही न कळून उभीच राहिली. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. तिच्या हातातली पळी खाली पडली आणि ती धावत जाऊन भाचीपुढे गुडघ्यांवर बसली. पोरीचा गाल फुगलेला, डोळे आईकडे लागलेले. अक्कानं तिच्या हनुवटीखाली आपली ओंजळ धरली.

"थुंक," ती म्हणाली. "थुंक राजा, लवकर थुंक."

पोरीनं ओंजळीकडे बघितलं. मग आईच्या चेहऱ्याकडे. आई आपली परीक्षा बघतेय असं तिला वाटलं असावं. तिनं डोळे घट्ट मिटले, सगळा जीव एकवटून घास गिळला, आणि रिकामं तोंड मोठ्ठं उघडून आईला दाखवलं.